गोरी सुसर

“फोटो कुणाकुणाचे टाकायचे?” स्क्रीनवरची नजर न हलवता तेजश्रीने विचारलं.

“कुणाचेच नाही.”

आता तिला मान वर करावीच लागली. महाडच्या बाजारात रऊफभाईंच्या फ्लेक्सच्या दुकानात ती कॉलेज सुटल्यापासून बसत होती, पण फोटो नको म्हणणारं गिऱ्हाईक तिने पाहिलं नव्हतं. लोक स्वतःचा फोटो आणत, साहेबांचा आणत, साहेबांच्या साहेबांचा आणत, आणि मोठा कुणाचा, छोटा कुणाचा यावरून दुकानातच हमरीतुमरीवर येत. हा मात्र हात हलवत आला होता. उंच, सावळा, चष्म्याच्या एका काडीला चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि पँटवर गुडघ्यापर्यंत वाळलेला चिखल.

“सरपंचांचा तरी घ्या. बोर्ड ग्रामपंचायतीचा आहे ना?”

“आहे. पण सरपंच पाण्यात राहत नाहीत,” तो शांतपणे म्हणाला. “सुसर राहते. टाकायचाच तर तिचा टाका.”

दासगावच्या काठावर लावायचा बोर्ड होता. मजकूर त्याने सांगितला — नदीपात्रात सुसरी आहेत, पाण्यात उतरू नये, सुरक्षित अंतर ठेवावे. तेजश्रीने नेटवर ‘सुसर’ टाकलं. हातभर लांब नाकाडाचं, त्या नाकाच्या शेंड्यावर मडकं उपडं घातल्यासारखा गोळा असलेलं एक जनावर समोर आलं. तिने नाक मुरडलं, ते बंद केलं, आणि माउस धरून स्वतःच काढायला घेतलं. आखूड, रुंद जबडा, पाठीवर खवल्यांच्या ओळी, शेपूट.

“ही कुठून आणलीत?” त्याने विचारलं.

“कुठून म्हणजे? पुलावरून येता-जाता दिसते की.”

त्याने प्लास्टिकचं स्टूल ओढलं आणि तिच्या शेजारी बसला. तसं शेजारी येऊन बसायची या धंद्यात रीतच आहे. गिऱ्हाईक बसतं आणि सांगत राहतं, हे जरा मोठं करा, ते जरा लाल करा, माझ्या गालावरचा डाग तेवढा काढा. हा बसला आणि काहीच बोलला नाही, नुसता बघत राहिला. तेजश्रीला उगाच अवघडल्यासारखं झालं.

त्याचं नाव विनीत सकपाळ. गाव पोलादपूरच्या वरच्या अंगाला, नोकरी महाडच्या कॉलेजात, विषय प्राणिशास्त्र. सावित्री नदीतल्या सुसरींवर त्याने एक पुस्तक लिहिलं होतं, सगळ्यांना वाचता येईल असं. पुण्यात ते छापायला घेतलं होतं, आणि गाडी कव्हरवर येऊन अडली होती.

“त्यांच्या चित्रकाराने शब्द शोधला आणि हीच काढून पाठवली,” तो म्हणाला. “आत्ता तुम्ही बंद केलीत ती. नाकावर गोळा असलेली.”

“पण ही आपली नाहीच.”

“नाहीच. पुण्यात सुसर म्हणजे ही, लांब नाकाची. आपण जिला सुसर म्हणतो तिला पुस्तकात मगर म्हणतात.”

“मग मगर लिहा. काय बिघडलं?”

“माझी आई तिला सुसर म्हणते. नदीवर धुणं धुणाऱ्या सगळ्या बायका सुसर म्हणतात. मगर म्हटलं की ती दुसऱ्या कुणाची तरी होते.” मग चष्मा सारखा करत, थोडं चाचरत तो म्हणाला, “तुम्ही… कव्हर कराल का?”

तेजश्रीच्या हातातला माउस थांबला. तरी आवाजात काही येऊ न देता तिने धंद्याचा प्रश्न विचारला. “साइज?”

“डेमी. साडेपाच बाय साडेआठ.”

“फूट?”

“इंच.”

“एवढंसं?” ती म्हणाली, आणि तो हसला. हसल्यावर माणूस बरा दिसत होता, हे तिने नोंदवून ठेवलं आणि कामाला लागली.

आता तेजश्रीचं म्हणणं काय होतं ते सांगायला हवं, कारण ती स्वतः कुणाला सांगणाऱ्यातली नव्हती. फ्लेक्सचा तिला राग नव्हता. पण फ्लेक्सचं आयुष्य ते केवढं. आज चौकात, आठवड्याने दुसऱ्याचा वाढदिवस आला की खाली, आणि पुढे जन्मभर कुणाच्या तरी लाकडांवर नाहीतर गोठ्यावर. तिने केलेलं काम असं साऱ्या तालुक्यात पसरलेलं होतं, त्यावर माणसांचे फोटो होते, पण तिचं नाव कुठेच नव्हतं. पुस्तकात मात्र आतल्या पानावर बारीक अक्षरांत एक ओळ असते — मुखपृष्ठ, आणि पुढे नाव. ती ओळ तिला हवी होती, आणि मनापासून हवी होती. पुण्याच्या प्रकाशक बाईंनी होळीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर चांगलं कव्हर गेलं नाही, तर परदेशातला एक जबडा वासलेला फोटो विकत घेऊन तो लावायचा असं त्यांचं ठरलं होतं.

तिने जीव ओतून पहिलं कव्हर केलं. विनीत बघायला आला, तेव्हा रऊफभाईही चहाचा कप घेऊन मागे उभे राहिले. मधोमध भली मोठी सुसर. मागे रायगड, त्यामागे सूर्याचे किरण. ‘सुसरीचा शेजार’ हे नाव लाल अक्षरांत, त्याला पिवळी कड, कडेला सावली. विनीत बराच वेळ बघत राहिला.

“ही…” त्याने बोट दाखवलं, “गोरी झालीये का?”

तेजश्रीने पाहिलं. झाली होती. रऊफभाईंच्या दुकानातून माणूस गोरा होऊनच बाहेर पडायचा. बिरवाडीच्या कारखान्यात भट्टीपुढे उभा राहणारा असो की रायगडाच्या रोपवेजवळ उन्हात गिऱ्हाइकांना हाका मारणारा असो, बॅनरवर त्याचे गाल गुलाबी आणि कपाळ लख्ख. चेहरा दिसला की तेजश्रीची बोटं आपोआप ते करत. तीच बोटं सुसरीवरूनही फिरली होती. सुसर उजळ कांतीची झाली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर कसलं तरी समाधान आलं होतं.

“निवडणुकीला उभी आहे का?” विनीतने विचारलं.

रऊफभाईंना ठसका लागला, चहा सांडला.

“आणि खाली ही पट्टी रिकामी का?”

“शुभेच्छुकांची,” तेजश्री बोलून गेली, आणि बोलल्यावर तिने जीभ चावली. पण बाण सुटला होता. विनीत हसत सुटला, चष्मा काढून डोळे पुसायला लागला. “हे पुण्याला गेलं तर बाई म्हणतील, अगदी फ्लेक्ससारखं —”

“फ्लेक्सच करते मी,” तेजश्री म्हणाली आणि तिने फाईल बंद केली.

विनीतचं हसू जागीच थांबलं. रऊफभाईंना एकदम मशीनकडे काहीतरी काम आठवलं. थोड्या वेळाने विनीत निघून गेला, आणि तेजश्रीने एका बारशाच्या बॅनरवरचं बाळ गोरं करायला घेतलं. तिला वाईट वाटलं होतं. राग त्याचा होता, पण त्याहून जास्त भीती होती, की आपल्याला दुसरं काही येतच नसावं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच तो पायरीवर बसलेला होता. मांडीवर कागदांचा जाडजूड गठ्ठा.

“चुकलो,” तो म्हणाला. “कव्हर करायला सांगितलं आणि पुस्तक वाचायलाच दिलं नाही. नुसत्या नावावरून कुणी काय करणार? आणि हसायला नको होतं… ते तर नकोच होतं.”

“सुसर गोरी झाली होती. हसू येणारच.” ती कुलूप काढत म्हणाली.

“तुम्ही रागावलात ना?”

“रागावले होते. आता शटर वर करायला हात लावा, जड आहे.”

पुस्तक तिने बिरवाडीला घरी जाताना शेअर रिक्षात वाचलं, जेवताना वाचलं, आईने भांडी घासायला हाक मारली तेव्हा ऐकू न आल्यासारखं करून वाचलं. प्राणिशास्त्र म्हटल्यावर तिने धसका घेतला होता, पण माणूस लिहायचा साधं. एक वाक्य तर तिला फारच आवडलं — सुसर बहुतेक वेळ काहीच करत नाही. तिने ते वाक्य दोनदा वाचलं आणि एकटीच हसली. मग फोन काढून विनीतला विचारलं, काहीच न करणारी सुसर बघायला कधी जायचं?

रविवारी सकाळी दोघं दासगावच्या बांधावर बसली होती. थंडी होती. नदीवर धुक्याचा पातळ थर, पलीकडचे खडक अर्धे दिसत होते. दोघांच्या मध्ये तेजश्रीची पिशवी. खाली एका दगडावर बनुबाई धुणं आपटत होती, तिची विनीतशी ओळख जुनी.

“ही कोन रे सर?” तिने वर न बघताच विचारलं.

“कव्हर करतात.”

“कसला कव्हर?”

“पुस्तकाचं, मावशी. सुसरीच्या.”

“मंग नदीवर कशाला आनलीस? कव्हर काय नदीवर करतात?” तिने साडी पिळली. “बस गो पोरी, बस. ती तिकडं हाय बघ. ती तिकडं न् मी हिकडं. आमचा ठरलेला हाय.”

तेजश्री डोळे ताणून बघत होती. “मला तर काहीच दिसत नाही.”

“त्या काळ्या खडकाच्या डावीकडे या. पाण्यावर टेंगळं दिसतात?” विनीत हळूच म्हणाला. “पुढचं नाक, मागचे दोन डोळे. बाकी सगळी खाली. आता मधलं अंतर बघा. नाकापासून डोळ्यांपर्यंतचं.”

“थोडंच आहे.”

“थोडं म्हणजे तोंड आखूड. ती आपली. पुण्याची असती तर नाक इथे आणि डोळे पार तिकडे असते. अंतर कमी असलं की समजायचं, आपली.”

हे त्याच्या तिसऱ्या प्रकरणात होतं, तिने वाचलंही होतं, पण असं कानाशी ऐकताना ते जरा वेगळं वाटलं. तिने कागद काढायला पिशवी उचलली. कागद काढले, आणि पिशवी पुन्हा मध्ये न ठेवता पलीकडच्या बाजूला ठेवली. विनीतने ते पाहिलं.

ती रेखाटत राहिली. वर ऊन आलं, धुकं गेलं. सुसर काहीच करत नव्हती.

“सर, सुसर तिकडे आहे,” पेन्सिल न थांबवता तेजश्री म्हणाली.

“माहीत आहे.”

“मग इकडे काय बघताय?”

“तुमचं चित्र.”

“चित्र माझ्या मांडीवर आहे. तुम्ही त्याच्या बरंच वर बघत होतात.”

विनीतने घाईघाईने चष्मा पुसायला घेतला. “निरीक्षणाची सवय…” तो पुटपुटला.

“तरी बरं, तुमच्या पुस्तकात लिहिलंय, फार वेळ टक लावून बघणारं जनावर धोक्याचं असतं.”

“मी असं कुठे लिहिलंय?”

“नाही लिहिलंत? मग पुढच्या आवृत्तीत लिहा.”

खालून बनुबाईने धुण्यावर दोन जादा तडाखे दिले आणि स्वतःशीच हसली.

दुसरं कव्हर करायला तेजश्रीला जास्त वेळ लागला, कारण या वेळी तिला काढून टाकायचं होतं. किरण काढले. रायगड काढला. पिवळी कड काढली. मग अख्खी सुसरही काढून टाकली. राहिलं ते पाणी. खाली कोपऱ्यात धुण्याचा दगड, त्यावर पिळून ठेवलेली साडी आणि साबणाची वडी. वर, जरा लांब, पाण्यावर टेंगळं, नाक आणि डोळे. पुस्तकाचं नाव तिने स्वतःच्या हाताने लिहिलं, लहान अक्षरांत.

रऊफभाईंनी मान तिरकी करून पाहिलं. “ह्यात काय हाय गो? सगळा पानीच हाय. गिऱ्हाईक म्हनेल काम अर्ध्यात टाकून पोरगी घरी गेली.”

“पुस्तकाचं असंच असतं, भाई.”

“रिकामी जागा ठेवायची म्हनजे…” रऊफभाई आखाताकडे दोन तपं काढून आले होते, त्यांनी रिकामी जागा पुष्कळ पाहिली होती, पण गिऱ्हाइकाला ती कधी दिली नव्हती. ते मान हलवत आत गेले.

विनीत आला, स्टुलावर बसला, आणि बघायला लागला. तेजश्रीने नखं खाल्ली. शेवटी तिला राहवेना.

“बोला काहीतरी.”

“साबण आहे दगडावर.”

“हो.”

“झिजलेला आहे.”

“नदीवर नवा साबण कोण नेतं?”

त्याने चष्मा सारखा केला. मग म्हणाला, “मला लिहायला दोनशे पानं लागली. हे… याच्यात सगळं आलंय, तेजश्री.” त्याने पहिल्यांदाच तिला नुसत्या नावाने हाक मारली होती, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं. तिला आनंद झाला. साधा, सरळ, गालांपर्यंत आलेला आनंद, तो लपवायला तिने उगाच खिडकी उघडली.

पण पुण्याच्या बाई राहिल्या होत्या. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, विनीतने तो दुकानातच स्पीकरवर टाकला. “चित्र छान आहे हो,” बाई म्हणाल्या, “पण अडचण बघा. वाचक ‘सुसर’ वाचणार आणि त्याला ती लांब नाकाचीच वाटणार. आणि इथे तर प्राणी दिसतच नाही. तेव्हा एक तर नावात ‘मगर’ करा, नाहीतर आपण तो फोटोच घेऊया. जबडा स्वच्छ दिसतो त्यात.”

नाव बदललं तर चित्र राहत होतं. त्याने तेजश्रीकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत चक्क ‘बदलू का’ असा प्रश्न होता. तिची ती बारीक अक्षरांतली ओळ अगदी हाताशी आली होती. तिने मान हलवली, नाही म्हणून, आणि फोनकडे वाकली.

“मॅडम, मी तेजश्री. चित्र मी केलंय. जरा नाक आणि डोळे यांच्यातलं अंतर बघाल?”

“अंतर?”

“कमी आहे ना? तुमची लांब नाकाची असती, तर एवढ्या डोळ्यांना नाक पार दगडावरच्या साबणाला लागलं असतं. ही आपलीच आहे. चित्रात तसं दिसतंय.”

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला. “हे पुस्तकात कुठे आहे?”

“तिसऱ्या प्रकरणात,” तेजश्री म्हणाली, आणि बाईंनी तिसरं प्रकरण वाचलं आहे की नाही हे विचारायचा मोह तिने आवरला.

पुन्हा पानं उलटल्याचा आवाज आला. मग बाईंचा आवाज जरा बदलून आला. “हे मलपृष्ठावर दोन ओळींत घालू. मग राहू दे, सुसरच राहू दे. तुमचं नाव कसं लिहायचं?”

“तेजश्री उतेकर.” तिने आडनावाची अक्षरं सुटी सुटी करून सांगितली, चूक नको म्हणून.

काम झालं, आणि इथेच खरी पंचाईत आली. कव्हर झाल्यावर विनीतला दुकानात यायला कारण राहिलं नाही. तरी तो आला. एकदा व्हिजिटिंग कार्ड करायचं म्हणून आला, आणि त्यावर काय छापायचं ते त्याला सांगता आलं नाही. एकदा झेरॉक्स काढायला आला. रऊफभाईंकडे झेरॉक्सचं मशीन नव्हतं, कधीच नव्हतं. दोन्ही वेळा तो स्टुलावर बसला, ऊन फार आहे म्हणाला, परीक्षा आल्या म्हणाला आणि गेला. सुसर पाण्यातून वर यायची वाट दिवसदिवस बघणारा माणूस, पण एक वाक्य तोंडातून बाहेर काढता येत नव्हतं. मग परीक्षा खरंच आल्या आणि तो यायचा थांबला. तेजश्रीला त्याची आठवण यायची. काम करताना ती मध्येच शेजारच्या स्टुलाकडे बघायची, आणि तिथे कुणीतरी आपला गालावरचा डाग काढून मागत बसलेलं असायचं.

मे महिन्यात पुस्तकं आली. महाडच्या वाचनालयाने प्रकाशन ठरवलं, आणि चौकात लावायचा बॅनर अर्थातच रऊफभाईंकडे आला. वाचनालयाचे सेक्रेटरी मोरूकाका विनीतचा फोटो देऊन गेले. तेजश्रीने पुस्तकाचं चित्र घेतलं, कार्यक्रमाची वेळ घेतली, वाचनालयाच्या मंडळींची नावं आयोजक म्हणून वर नीट बसवली. मग विनीतचा फोटो उघडला. नदीकाठचाच होता. रापलेलं कपाळ, चष्म्याच्या काडीला चिकटपट्टी.

“सरांचा जरा उजळ कर गो,” मागून जाता जाता रऊफभाई म्हणाले. “सावळा हाय मानूस.”

तेजश्रीची बोटं सवयीने हलली, आणि थांबली. तिने फोटो आहे तसा ठेवला. कपाळ तसंच, चिकटपट्टीही तशीच. राहिली खालची पट्टी. तिथे मित्रमंडळाची, गल्लीची, गावाची मिळून चाळीसेक नावं गर्दी करून बसतात. तिने ‘शुभेच्छुक’ लिहिलं, पुढे स्वतःचं नाव लिहिलं, आणि बाकी पट्टी मोकळी सोडली. महाडात पुस्तक वाचणारे थोडे, बॅनर मात्र सगळे वाचतात. तिचे वडील कंपनीतून सुटले की बाजारहाटाला त्याच चौकात यायचे. हे सगळं तिला माहीत होतं. तिने बॅनर छापायला पाठवला, आणि मग बाटलीतलं सगळं पाणी पिऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी पोलादपूरकडून येणारी एक मोटरसायकल चौकात मधोमध उभी राहिली. मागे एसटीने हॉर्न वाजवला, मग टेम्पोने. स्वार मान वर करून वाचत होता, आणि वाचून झाल्यावरही हलत नव्हता.

तो दुकानात आला तेव्हा हेल्मेट डोक्यावरच होतं.

“बॅनर बघितला,” विनीत म्हणाला.

“बरा झालाय ना?” तेजश्री स्क्रीनकडे बघत होती. स्क्रीनवर काहीच नव्हतं.

“फोटोत मी… आहे तसाच आहे.”

“मग कसे असायला हवे होतात?”

“इथे सगळ्यांना गोरं करतात.”

“करतात. गिऱ्हाइकांना.”

त्याने हेल्मेट काढलं. ते कुठे ठेवावं कळेना, म्हणून हातातच धरलं. “शुभेच्छुकांत एकच नाव आहे.”

“जागा तेवढीच होती.”

“खोटं. पट्टी सगळी मोकळी आहे, मी नीट बघितलं.”

“मग निरीक्षण केलंत ना? झालं तर.” तिने माउस बाजूला सारला. “माझं म्हणणं मी चौकात टांगलंय. आता तुमचं काय ते तुम्ही बोला. झेरॉक्स इथे मिळत नाही.”

विनीतने स्टूल ओढलं. नेहमीच्या जागी ठेवलं, मग उचलून आणखी जवळ ठेवलं, आणि बसला. त्याचा गुडघा तिच्या खुर्चीला लागला.

“मला तू आवडतेस,” तो म्हणाला. “तू त्या लांब नाकाच्या सुसरीकडे बघून नाक मुरडलंस ना, तेव्हापासून. सांगता येत नव्हतं. मला पाण्यातल्या जनावरांचं कळतं, माणसांचं… जरा उशिरा कळतं.”

तेजश्रीने पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिलं. मग नजर खाली नेली, स्टूल आणि खुर्ची यांच्यामध्ये.

“अंतर कमी आहे,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“तिसरं प्रकरण वाच. तूच लिहिलंयस.”

मागे मशीनवर रऊफभाईंनी खाकरून घसा साफ केला. “साखरपुड्याचा बॅनर माझ्याकडून,” ते म्हणाले. “फकस्त गोरा करायचा का नाय, ते आत्ताच सांगा. मागाहून कटकट नको.”

“नाही करायचं,” तेजश्री म्हणाली.

प्रकाशन झालं, भाषणं झाली, पुस्तकं बऱ्यापैकी खपली. तेजश्रीने आतल्या पानावरची ती ओळ वडिलांना दाखवली. त्यांनी चौकातली ओळ आधीच वाचली होती, दोन दिवस ते गप्प होते, आणि तिसऱ्या दिवशी पोलादपूरला जाऊन विनीतचं घर बघून आले. बॅनर उतरवल्यावर तो विनीतच्या आईने मागून घेतला, कारण पाऊस तोंडावर आला होता आणि परसातली लाकडं उघडी होती. तिने तो लाकडांवर पसरला, फोटो वरच्या बाजूला ठेवून, आणि कोपऱ्यांवर धोंडे ठेवत निघाली. शेजारचे येसाजी कुंपणाशी उभे राहून मोठ्याने वाचत होते. “शुभेच्छुक, तेजश्री उतेकर. एकच नाव? ही कोन गो?”

“सून हाय,” विनीतची आई म्हणाली. शेवटचा धोंडा नेमका त्या नावावर आला होता. तो तिने उचलला आणि जरा बाजूला ठेवला.